जमावाची वही

(तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, वाचनालयाची सगळी मंडळी, आणि एवढ्या उकाड्यातही खुर्च्या भरून टाकणारे श्रोतेहो,

पत्रिकेवर माझा विषय 'आफ्रिकेतील स्थलांतर, जमावाचा न्याय आणि राजकारण' असा छापला आहे. त्याच्याकडे येतोच. आधी एक करा. उजव्या हातानं डाव्या हाताचं हे इथलं हाड धरा. हां, हात दुमडतो तिथलं. याला तुमच्या घरी काय म्हणतात?

कोपर. बहुतेकांनी कोपर म्हटलं. मागून एक आजी 'ढोपर' म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे, काही घरांत यालाच ढोपर म्हणतात. कोकणातल्या माणसाला ढोपर दाखव म्हटलं, तर तो गुडघ्याला हात लावेल. एकच सभागृह, एकच भाषा, आणि एका हाडाला दोन नावं निघाली. पुढचा तासभर हे कोपर विसरू नका.

मे 2008 मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत हाच प्रश्न माणसांना रस्त्यात अडवून विचारला जात होता. कोपर दाखवायचं आणि म्हणायचं, याला काय म्हणतात सांग. झुलू या तिथल्या मोठ्या भाषेत त्याला 'इन्दोलोल्वाने' म्हणतात. लांब शब्द आहे, जिभेला वळण नसेल तर माणूस अडखळतोच. जो अडखळला तो परका ठरला. मग त्याचं खोपट गेलं, दुकान गेलं, गादी-भांडी गेली, कित्येकांचा जीव गेला. 11 मेच्या रविवारी अलेक्झांड्रात हे सुरू झालं आणि बघता बघता देशाच्या इतर शहरांत पोचलं. 62 माणसं मारली गेली. लाखाच्या वर माणसं घरदार सोडून पोलीस ठाण्यांच्या आवारात, चर्चमध्ये, तंबूंत राहिली. आणि त्या 62 जणांपैकी 21 जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. मतदार होते. कोणी त्सोंगा बोलणारा, कोणी वेंडा, कोणी पेडी. कोणी परदेशी माणसाशी लग्न केलेलं. कोणी 'मी तुमच्यात येणार नाही' असं सांगितलेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. तिथं तर चोरच नव्हता.

मला या विषयानं धरून ठेवलं ते त्या कोपराच्या प्रश्नानं. जमावाला हा प्रश्न सुचला कुठून? भडकलेली माणसं दगड उचलतील, काडी लावतील, ते समजतं. पण भाषेची तोंडी परीक्षा? हे भडकलेल्या माणसाचं काम वाटत नाही. शोधत गेलो तेव्हा कळलं की ही परीक्षा पोलिसांची होती. 1990 च्या दशकात बेकायदा आलेल्या परदेशी माणसांना हुडकणारी पोलीस पथकं होती. ती संशयिताला झुलूतला कोपराचा शब्द उच्चारायला लावत. केस कसे राखलेत, कपडे कसे आहेत, हातावर लस टोचल्याचा व्रण कुठं आहे, हेही बघत. कारण शेजारच्या देशांत लस वेगळ्या जागी टोचतात, असा हिशेब. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत. उद्या त्या वणावरून कोणी तुमचं गाव ठरवलं तर कसं वाटेल, बघा.

म्हणजे जमावानं नवं काहीच काढलं नाही. सरकारनं जे दहा-पंधरा वर्षं दाखवलं होतं, तेच त्यानं हातात घेतलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी वेगवेगळ्या बाजूंनी तुमच्यापुढं ठेवणार आहे. जमाव आभाळातून पडत नाही. त्याला आधी सभा लागते, वही लागते, वर्गणी लागते आणि माणसाला प्रश्न विचारायची एक रीत लागते. ती रीत बहुतेक वेळा सरकारी असते.

वही का म्हणतो, ते सांगतो. हे आफ्रिकेतलं नाही, माझ्या गावचं आहे.

मी बारावीला होतो. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं चोरांची हूल उठली. अंगाला तेल लावून येतात, हाताला लागत नाहीत, वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना मारतात, असं रोज नवं ऐकू यायचं. आमच्या गावात एक शेळी गेली होती आणि एका घराचं कुलूप तुटलं होतं, एवढंच. पण मारुतीच्या देवळात सभा भरली. घरटी एक माणूस गस्तीला, रोज रात्री आठ जणांची पाळी, घरटी पाच रुपये बॅटरीच्या सेलसाठी. शिट्ट्या आल्या. काठ्या तर घरोघरी होत्याच. माझं अक्षर बरं, म्हणून पाळीची वही माझ्याकडं आली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटलं. ज्या माणसांपुढं मी एरवी उभा राहायला बिचकायचो, ती माणसं मला येऊन विचारायची, 'माझी पाळी कधी?'

चौथ्या की पाचव्या रात्री एसटी स्टँडकडून येणारा एक माणूस धरला. चाळिशीचा असेल. खांद्याला गोणपाटाची पिशवी. उघडली तर आत दोन छिन्न्या आणि हातोडा. झालं. घरफोडीचं सामान सापडलं म्हणून शिट्ट्या वाजल्या, पंचवीस-तीस माणसं गोळा झाली. तो सांगत होता, मी जात्याला टाकी लावून देतो, शेवटची गाडी चुकली, सकाळी तुमच्याच गावात काम करणार होतो. त्याचं बोलणं आमच्यापेक्षा वेगळं होतं. 'च' आणि 'छ' वेगळे पडत होते. एकानं विचारलं, कार्ड आहे का? रेशनकार्ड कोण पिशवीत घेऊन फिरतं? पण तो प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनी मान डोलावली, जणू आता कामाला कायदेशीर वळण लागलं. त्याला दोन-तीन थोबाडीत बसल्या. मग शाळेच्या व्हरांड्यात खांबाला बांधून ठेवला.

मी वहीत नोंद केली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, काल मुद्दाम काढून पाहिली. लिहिलंय: 'रात्रौ 1.40 वा. संशयित इसम एक. छिन्नी दोन नग, हातोडा एक नग.' सतरा वर्षांच्या मुलानं लिहिलेलं वाक्य आहे हे. 'रात्रौ', 'इसम', 'नग' हे शब्द मी घरात कधी बोललो नव्हतो. मला कोणी सांगितलंही नव्हतं असं लिही म्हणून. पेपरातल्या बातम्यांतून, पोलीस पाटलाच्या दाराबाहेर ऐकून ते हाताला लागले होते. खाली त्या माणसाचा अंगठा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या घरून शाईचा पॅड आणला होता. कशासाठी घेतला अंगठा? त्याचं आम्ही काय करणार होतो? कोणीच विचारलं नाही. अशा वेळी अंगठा घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी पाणी भरायला निघालेली आमच्या गल्लीतली म्हातारी थांबली. 'आरं, ह्यानं तर माझं जातं टाकवून दिलंय गेल्या साली. सोडा त्याला.' सोडला. त्यानं पिशवी उचलली, छिन्न्या आहेत का ते पाहिलं आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्या वर्षी आमच्या गावात जात्यांना टाकी लागली नाही.

वहीत त्याचं नाव नाही. 'इसम' आहे. मी त्याला नाव विचारलंच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते आणि ती इथं सांगायला हवी होती. कारण 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी म्हणून ठेचून मारली, तेव्हा मला आमचा शाळेचा व्हरांडा दिसला. आमच्याकडं म्हातारी वेळेवर आली. नसती आली तर?

भटक्या माणसावरच संशय का जातो, याचंही मूळ सरकारी दप्तरात आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्यांच्या याद्या केल्या, हजेऱ्या लावल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, म्हणजे या लोकांना डांबून ठेवायची वसाहत. कायदा 1952 साली रद्द झाला, पण यादी माणसांच्या डोक्यात राहिली.

आता त्या अंगठ्याकडं या. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

माणसाच्या हाताचा ठसा कागदावर घेऊन त्याला बांधून ठेवायची पद्धत सरकारी कामात रुळली ती आपल्या देशात. 1858 साली बंगालमध्ये, जंगीपूरला, विल्यम हर्शेल नावाच्या अंमलदारानं एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला. पुढं कलकत्त्यात एडवर्ड हेन्री हा पोलीस अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली खरं डोकं चालवणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली. 1897 मध्ये तिथं ठशांचं कार्यालय निघालं. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचं लागलं. आणि 1900 मध्ये, इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर यांचं युद्ध चालू असताना, याच हेन्रीला पोलीस दल उभं करायला कुठं पाठवलं? जोहान्सबर्गला.

आमच्या सोसायटीच्या शाईच्या पॅडचा आणि जोहान्सबर्गचा संबंध हा असा आहे. 1906 साली ट्रान्सवालच्या, म्हणजे जोहान्सबर्ग ज्या वसाहतीत होतं तिच्या, सरकारनं तिथल्या भारतीय माणसांनी दहा बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा, मागेल तेव्हा दाखवावा, असा हुकूम काढला. 11 सप्टेंबरला एम्पायर नाट्यगृहात सभा झाली आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा जन्म झाला, हे आपण शाळेत शिकलो. शिकवताना बहुधा राहून जातं ते पुढचं. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांवर परवाने जाळले. कागद दाखव म्हणणाऱ्याला कागद जाळून उत्तर दिलं. आणि बरोबर शंभर वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच शहरात गरीब माणसंच गरीब माणसांना विचारत होती, कागद दाखव. कोपर म्हणून दाखव. हा योगायोग मला फार छळतो.

मधल्या शंभर वर्षांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. 1886 ला जोहान्सबर्गच्या विट्वाटर्सरँड पट्ट्यात सोनं लागलं. खाणींना माणसं हवी होती, पण त्यांची कुटुंबं नको होती. मोझांबिक, लेसोथो, मलावीतून पुरुष आणायचे, दगडी चाळींत ठेवायचे, करार संपला की परत पाठवायचे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी खोलीत पाळीपाळीनं झोपून दिवस काढले. पण त्यांना गावी हाकलणारा शिपाई दारात उभा नव्हता. तिथं होता. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात पासाचं पुस्तक बाळगावं लागे. लोक त्याला तिडकीनं 'डोमपास' म्हणत, म्हणजे खुळा पास. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलला पासांविरुद्ध जमलेल्यांवर गोळीबार झाला, 69 माणसं मेली. पास कायदे रद्द व्हायला 1986 उजाडलं. तोवर जोहान्सबर्गमध्ये परका म्हणजे कोण? तर खेड्यातून आलेला त्याच देशाचा काळा माणूस. पुढं राज्य बदललं, तो नागरिक झाला, ही फार मोठी गोष्ट झाली. पण नाक्यावरचा प्रश्न तसाच उरला, आणि उत्तर द्यायला झिंबाब्वेचा, मोझांबिकचा, सोमालियाचा माणूस आला.

त्यांना तिथं एक नाव आहे, 'मक्वेरेक्वेरे'. क्वेरे क्वेरे असं काहीतरी बोलतात ते. फ्रान्सिस न्यामन्जो हे मूळ कॅमेरूनचे मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी या शब्दावर पुष्कळ लिहिलं आहे. ज्याची भाषा कळत नाही तो माणूस कमी, असं या शब्दात आहे. मुंबईत एके काळी दाक्षिणात्यांना 'यंडुगुंडू' म्हणून हिणवायचे, ते आठवत असेल. संस्कृतातला 'म्लेच्छ' शब्दही अस्पष्ट बोलणाऱ्यावरूनच आला. प्रत्येक भाषेनं असा एक शब्द करून ठेवलेला असतो.

पिशवीचंही एक सांगायचं आहे. ही पहा, आत्ता येताना स्टँडवरून घेतली. लाल-निळ्या चौकड्यांची, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, चेन असलेली. ऊसतोडीला निघालेल्या प्रत्येक बिऱ्हाडाकडं असते. पश्चिम आफ्रिकेत हिचं नाव आहे 'घाना मस्ट गो', घानावाल्यांनो, निघा. जानेवारी 1983 मध्ये नायजेरियाच्या सरकारनं कागद नसलेल्या परदेशी लोकांना काही आठवड्यांत देश सोडायला सांगितलं. तेलाचे भाव पडले होते, निवडणूक तोंडावर होती. वीस लाखांच्या आसपास माणसं निघाली, त्यात सर्वांत जास्त घानाची. जे काही भरायचं ते या पिशवीत भरलं. त्याआधी 1969 साली घानानं असाच हुकूम काढून हाकललेल्यांत नायजेरियाची माणसं सर्वांत जास्त होती. आज त्या पिशवीवर चौकडीशिवाय काही नाही, पण तिकडं नाव ऐकलं की म्हाताऱ्या माणसांना सीमेवरच्या रांगा आठवतात. म्हणून मी ती हातात घेऊन आलो.

सचिवांची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं उरली. म्हणजे ज्यासाठी तुम्ही मला बोलावलंत ते आता आवरून सांगावं लागणार.

तर, सभा. 2008 नंतर जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातले ज्याँ पियेर मिसागो, लोरेन लांडाउ, तामलिन मॉन्सन ही अभ्यासक मंडळी वस्त्या-वस्त्यांत फिरली. लोक म्हणत होते, गरिबी आहे, बेकारी आहे, म्हणून झालं. ते खोटं नाही. पण शेजारी-शेजारी दोन वस्त्या, दोन्हीकडं तेवढीच गरिबी, तेवढेच परदेशी, एकीकडं जाळपोळ झाली आणि दुसरीकडं नाही, असं का? त्यांना दिसलं ते असं की, जिथं घडलं तिथं बहुतेक ठिकाणी आधी सभा झाली होती. कोणीतरी पुढारी होता, निवडून आलेला नव्हे, स्वतःहून झालेला. परदेशी दुकानदारांकडून 'संरक्षणा'चे पैसे घेणारा, रिकाम्या झालेल्या खोपट्यांत आपली माणसं बसवणारा. हाकलून दाखवलं की वस्तीत त्याचा शब्द चालायला लागतो. नगरसेवकाला जे जमलं नाही ते यानं केलं, असं होतं. स्थलांतर आणि राजकारण यांचा सांधा हा इथं आहे. केपटाऊनच्या संसदेतल्या भाषणांइतकाच तो त्या गल्लीत आहे.

यात दुःखाची गोष्ट अशी की ती सभा मुळात फार चांगली गोष्ट होती. 1980 च्या दशकात वर्णद्वेषी सरकारचे पोलीस वस्तीत शत्रू म्हणून यायचे, तेव्हा लोकांनी गल्लीगल्लीत समित्या केल्या. भांडणं मिटवली, चोरांना शिक्षा केल्या, भाडेबंदी चालवली. त्या समित्यांनी राजवटीला जेरीस आणलं. काही ठिकाणी त्याच काळात फितूर ठरवलेल्या माणसांच्या गळ्यात पेटते टायरही घातले गेले, हेही विसरून चालणार नाही. स्वातंत्र्य आल्यावर सभेची सवय राहिली, समोरचा शत्रू बदलला.

दुसरीकडंही हेच दिसतं. टांझानियात 1980 च्या सुरुवातीला सुकुमा आणि न्यामवेझी लोकांच्या मुलुखात गुरांच्या चोऱ्या फार वाढल्या. युगांडाशी नुकतंच युद्ध झालं होतं, बंदुका खेड्यांत पोचल्या होत्या. गावांनी राखणीची दलं केली. नाव 'सुंगुसुंगू', म्हणजे चावणारे काळे मुंगळे. धनुष्यबाण, शिट्ट्या, घरटी माणूस, हुद्दे, सेक्रेटरी. केंब्रिजचे रे अब्राहम्स यांनी त्यांच्यावर लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा सेक्रेटरीचा उल्लेख आला आणि मला माझी निळी वही दिसली. राष्ट्राध्यक्ष नायरेरेंच्या सरकारनं त्यांना पाठिंबा दिला. चोऱ्या कमी झाल्या हे खरं. पुढं चेटकीण ठरवलेल्या म्हाताऱ्या बायकांवरही तीच दलं चालून गेली, हेही खरं.

नायजेरियात आबा शहरात 1998 च्या सुमारास बाजारातल्या जोडे बनवणाऱ्यांनी लुटारूंविरुद्ध उठाव केला. त्यातून 'बकासी बॉइज' झाले. व्यापारी वर्गणी देत. स्वतःजवळच्या मंत्रलेल्या कोयत्याचं पातं खुन्याच्या अंगाला लावलं की लाल होतं, असा त्यांचा दावा असे, आणि त्या पात्यावर भर चौकात माणसं मारली गेली. 2000 साली शेजारच्या अनाम्ब्रा राज्याच्या सरकारनं त्यांना बोलावून घेतलं, सरकारी नाव दिलं. 2002 मध्ये केंद्राच्या पोलिसांना त्यांना मोडून काढावं लागलं. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात 1996 ला 'मापोगो आ मथामागा' निघाली. व्यापाऱ्यांची संघटना, पैसे भरून सभासद व्हायचं. चोरी झाली की पोलिसांकडं जायचं नाही, यांच्याकडं जायचं. ते संशयिताला चाबकानं फोडून काढायचे. तिथंही पावती आणि सभासदांची यादी होती. अभ्यासकांना हे कळायला वेळ लागला, कारण 'सरकार नाही म्हणून लोक कायदा हातात घेतात' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. पण इथं तर सरकारची पावती, सरकारचा हुद्दा, सरकारचा ठसा, सगळं होतं. फक्त कोर्ट नव्हतं आणि वकील नव्हता.

पाच मिनिटं. आता अगदी अलीकडचं. 2021 मध्ये जोहान्सबर्गच्या सोवेटो भागात 'ऑपरेशन दुदुला' ही परदेशी लोकांविरुद्धची चळवळ सुरू झाली. दुदुला म्हणजे झुलूत रेटून बाहेर काढणं. नाव बघा, पोलीस कारवायांना देतात तसं. बाजारात फिरून कागद मागायचे, दुकानं बंद करायला लावायची. 2022 च्या एप्रिलमध्ये डिप्सलूट वस्तीत घरोघर कागद मागत फिरणाऱ्या जमावानं झिंबाब्वेच्या एका माणसाला मारून जाळलं. 2025 मध्ये तर सरकारी दवाखान्यांच्या दारात उभं राहून, परदेशी बाई गरोदर असली तरी तिला आत सोडायचं नाही, असं चाललं होतं. दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कागद विचारणारी, कुठलाही अधिकार नसलेली माणसं. 2022 च्या जनगणनेत तिथं 6 कोटी 20 लाख लोक मोजले गेले, त्यात बाहेर जन्मलेले 24 लाखांच्या घरात. ते सगळे उद्या गेले तरी औषधं नसलेल्या दवाखान्यात औषध येणार नाही. पण 'अबाहाम्बे', म्हणजे 'त्यांना जाऊ द्या', एवढ्या एका शब्दावर तिथं मतं मिळतात, आणि ती मिळवणाऱ्या पक्षाचा नेता 2024 पासून मंत्रिमंडळात आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की ओळखपत्र मागायचा अधिकार पोलिसांचा आणि स्थलांतर अधिकाऱ्यांचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. मला त्या निकालाचा फार आनंद झाला. पोलिसांनी तरी कोपराचा शब्द विचारावा का, हा प्रश्न मात्र मी मनात ठेवून आहे.

शेवटचं. केपटाऊनजवळ मासिफुमेलेले नावाची वस्ती आहे. नावाचा अर्थ 'आपण तडीस नेऊ'. मे 2008 मध्ये तिथंही परदेशी लोकांची दुकानं लुटली गेली, माणसं पळाली. पण मग तिथल्या लोकांची सभा भरली. तीच पद्धत, तेच लोक, तीच वस्ती. सभेतून माणसं घरोघर गेली आणि लुटलेला माल गोळा केला. मग जिथं ती पळालेली माणसं आसऱ्याला होती तिथं जाऊन वस्तीच्या पुढाऱ्यांनी माफी मागितली, परत या म्हणाले. बरेच जण परत आले, दुकानं पुन्हा उघडली.

सचिव उभे राहिले आहेत, तेव्हा थांबतो. ती निळी वही मी आणली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी इकडं यावं. आणि वडार वस्तीवरची कोणी जुनी माणसं इथं असतील, आमच्या भागात 1990 च्या आसपास जाती टाकवायला कोण फिरत होतं हे त्यांना ठाऊक असेल, तर जाण्याआधी मला नक्की भेटा.